पहिले मायले पाहा

काका नमुन्याची काच हातात देत, पण सोडत नसत. एक टोक माझ्या चिमटीत, दुसरं त्यांच्या. "पहिले मायले पाहा, म्याडम," एवढं म्हणून झालं की मगच त्यांची बोटं सुटत. नागपुरातल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते टेक्निशियन होते, मी डॉक्टर. कामठीहून शेअर ऑटोनं येत आणि कुणाच्या पदवीला भीत नसत.

माय म्हणजे तपासायच्या तुकड्यासोबत आलेलं आईच्या गर्भाशयाचं अस्तर. गर्भ पडला तो साधा की द्राक्षगर्भ, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी वारेची विकृत वाढ, हे सुरुवातीच्या आठवड्यांत नुसतं पाहून ठरत नाही. पी-५७ नावाचा मार्कर लावला, की आईकडून आलेलं जनुक जागं असलेल्या पेशी तपकिरी होतात. पूर्ण द्राक्षगर्भात आईचा वाटाच नसतो, म्हणून वारेचे झुबके कोरे राहतात. पण अस्तर तपकिरी दिसायलाच हवं. तेही कोरं असेल तर मार्कर लागलेलाच नाही. मी हे पुस्तकात तीन पानं वाचून शिकले होते. काकांना तीन शब्द पुरत.

मार्करच्या नव्या यंत्राचं उद्‌घाटन होतं. यंत्राला हार, प्रमुखांना शाल, टेक्निशियनांना मागची रांग. "मशीन नवरदेव, अन् आपण बँडवाले," काका म्हणाले. त्याच सकाळी पारशिवनीकडच्या बावीस वर्षांच्या एका मुलीची काच आली. सगळी कोरी, अस्तरासकट.

"मायच कोरी हाये, म्याडम. ही काच मुकी हाये. दुबारा लावतो, उद्या पाहा."

खिडकीशी तिचा नवरा रिपोर्टसाठी उभा होता, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मार्करचा उल्लेखच न करता मी 'साधा गर्भपात' लिहिलं, सही केली आणि साडी सावरत सभागृहात गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवी काच दिली. माय तपकिरी होती. झुबके कोरे, म्हणजे द्राक्षगर्भ.

तिच्या घरी फोन कुणी उचलेना. रविवारी काका सुधारलेला रिपोर्ट घेऊन एसटीनं तिच्या गावी गेले. सोमवारी म्हणाले, "सासू म्हणे, तुमच्याच डॉक्टरची सही हाये, काही नाही म्हणून. आता काहून भेव दाखवून राहिले, भाऊ?" दर आठवड्याला रक्त तपासायचं, हे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून मुलीच्या हाती दिलं होतं. ती आली नाही.

आली ती चार महिन्यांनी, कॅन्सर फुप्फुसात पोचून खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर. नवव्या दिवशी गेली. वेळेवर कळलं तर हा आजार बहुधा बरा होतो, हेही पुस्तकात आहे.

त्यानंतर काका, मी "माय तपकिरी" असं मोठ्यानं म्हणेपर्यंत टेबलापासून हलेनासे झाले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनाही शाल मिळाली. भाषण मात्र यंत्रावर झालं. नंतर ते डबा पिशवीत भरत होते, तेव्हा इतकी वर्षं अडलेलं मी विचारलं. "काका, त्या दिवशी ती काच सोडलीत कशी?"

त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबलं.

"म्या धरली होती, म्याडम. तुम्ही ओढली."