ताज्या वासाचं खाद्य

इथॉक्सिक्विन हा शब्द मी आमच्या मोहिमेच्या इतक्या पत्रकांत छापला आहे की आता तो उच्चारतानाही कंटाळा येतो. पशुखाद्यातली चरबी खवट होऊ नये म्हणून घालायचं हे रसायन, एक अँटिऑक्सिडंट. जहाजातून येणारी मासळीची भुकटी वाटेत तापून पेटू नये म्हणूनही तेच. युरोपने आपल्या जनावरांच्या खाद्यातून ते काढून टाकलं. बाकी जगात विकायला कुणाची ना नाही.

रोहण्याच्या माझ्या मामीकडे अंड्यांच्या कोंबड्या आहेत. दर आठवड्याला ट्रे घेऊन आर्वीच्या बाजारात बसायचं, आणि तिचे गुडघे आता बसू देत नाहीत. नागपूरचा एक व्यापारी सगळी अंडी घरून उचलायला तयार झाला. त्यांची भुकटी होऊन परदेशी जाणार होती. अट एकच, खाद्यात हे रसायन नको.

मामीला अट सोपी वाटली. तिनं पोतं फोडलं, मूठभर खाद्य नाकाशी धरलं आणि ताजं असल्याचा निकाल दिला. गल्लीतल्या बाया गुरांसाठी सरकीची ढेप घेतली की मूठभर हिच्याकडे हुंगायला आणतात, इतका त्या नाकाचा मान. मी सांगितलं, वासावरून कळणार नाही. जुनं झालेलं नाकाला कळू नये, हेच त्या रसायनाचं काम.

"म्हंजे माह्या नाकाले फसवून राह्यले का?" ती म्हणाली, आणि मुठीतलं खाद्य परत पोत्यात टाकलं.

मग दोघी पुलगावच्या खाद्यविक्रेत्याकडे गेलो. माणूस भला. चहा मागवला, आमच्यासमोर कंपनीला फोन लावला. पोत्यावर 'अँटिऑक्सिडंट' छापलेलं आहे, कोणतं ते सांगायचं बंधन आमच्यावर नाही, असं तिकडून उत्तर आलं. माझा आवाज चढला तसा विक्रेता हसला. म्हणाला, ताई, फोनवर भांडून काय, तो बिचारा पगारी माणूस. त्या रसायनाशिवायचं खाद्यही निघतं, हेही त्यानंच सांगितलं. पण ते निर्यातवाल्या मोठ्या शेडसाठी, अख्खा ट्रक घेतला तरच. अख्ख्या ट्रकचं खाद्य मामीच्या कोंबड्यांना दोन पावसाळे पुरलं असतं, आणि त्याच्या आधीच खवट झालं असतं.

हे कळल्यावर नागपूरच्या व्यापाऱ्यानं नाही म्हटलं, तेही गोड बोलून. पुढे शाळांना अंडी पुरवणारा एक ठेकेदार आला. तोही घरून उचलणार होता. भाव कमी, पण खाद्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

मामीनं त्याला थांबवून ठेवलं आणि मला घरात बोलावलं.

"बाहेरदेशी चालत नाई ते आपल्या लेकरायले काऊन चालते?"

पत्रकात मी 'विष' लिहिते. मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा. पण मामी समोर उभी होती, आणि मी वाचलेल्या युरोपच्या कागदांत विष असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुरक्षित आहे हे दाखवायला पुरेशी माहिती मिळाली नाही, एवढंच होतं. तिकडे तेवढ्यावर दार बंद झालं आणि इकडे तेवढ्यावरच ते उघडं राहिलं. याची चीड येते, पण ती पत्रकात मावत नाही. मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे कोनालेच मालूम नाई."

"नाही."

ती पदरानं हात पुसत उभी राहिली. मागे शेडमधला कलकलाट चालूच होता. कोंबड्या आमच्या निर्णयासाठी अंडी थांबवणार नव्हत्या. शेवटी ती म्हणाली, "मले आता बाजारात बसवत नाई, पोरी."

ठेकेदार दारातल्या ऑटोत जागा करत होता. सुतळीनं बांधलेली ट्रेची चवड तिनं एका बाजूनं धरली. दुसरी बाजू धरायला तिथे मीच होते. मी धरली.