वहिनी बोलत नाही

"तुमची वहिनी बोलत नाही म्हणे?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. डोळे नुसते चमकत होते.

"नाही बोलत," मी म्हटलं.

"कोणाशी?"

"कोणाशीच नाही."

"अगं बाई! म्हणजे प्रकरण बरंच वाढलंय."

मग मला त्यांना समजावून सांगावं लागलं की भांडण नाही, घसा आहे. आपल्या भाषेची ही एक खोडच आहे. ज्याचा घसा बसला तोही बोलत नाही आणि जो रुसला तोही बोलत नाही. काकू हिरमुसल्या आणि भाजीची पिशवी उचलून आत गेल्या.

माझी वहिनी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोनवर बसते. दिवे गेले की लोकांचा पहिला राग तिच्या कानात येऊन पडतो. वायरी तिने तोडलेल्या नसतात, पण शिव्या तिलाच खाव्या लागतात, आणि त्याही "आपली गैरसोय समजू शकते" असं म्हणत, गोड आवाजात. तिथून सुटली की घरी दुसरी पाळी. आईला, म्हणजे माझ्या आईला, कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आणलंय, पण ते कानात मुंग्या फिरल्यासारखं करतं म्हणून ड्रॉवरमध्ये झोपलेलं असतं. त्यामुळे "आई, जेवायला वाढलंय" हे वाक्य शेजारच्या इमारतीलाही कळतं. दादाला उठून जवळ येऊन बोलायची सवय नाही. तो असेल तिथून "अगं, ऐकलंस का?" असा पुकारा करतो, आणि ही मिक्सर चालू असताना स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर देते. माझी भाची कॉलेजात जाते, पण टॉवेल मात्र अजून तिला न्हाणीघरात गेल्यावरच आठवतो. दादा माझा सख्खा भाऊ आहे, तेव्हा त्याच्याबद्दल जे बोलायचं ते मी बोलणारच. मी दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, दाताच्या दवाखान्यात कामाला आहे, आणि संध्याकाळी परत जाताना आईकडे एक चक्कर टाकते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालतं.

काही महिन्यांपूर्वी तिच्या ऑफिसने मन शांत ठेवायला शिकवणारी एक बाई बोलावली होती. सगळ्यांनी डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. समोर फोन वाजत होते, त्यांच्याकडे द्यायचं नाही. "रोज फक्त दहा मिनिटं स्वतःसाठी काढा," ती म्हणाली, आणि पुढच्या ऑफिसला उशीर होतोय म्हणून धावतच गेली. ऐकून मला हसू आलं, पण वहिनीने ते फार मनावर घेतलं. घरी आली, मागच्या खोलीत पलंगाच्या कडेवर ताठ बसली आणि डोळे मिटले.

"डोकं दुखतंय का?" आई दारात.

"नाही, आई."

"काय?"

"नाही म्हटलं! डोकं नाही दुखत!"

मग भाची आली. "आई, माझा निळा शर्ट कुठंय?" शर्ट दोरीवर होता. वहिनीने पुन्हा डोळे मिटले. मग दादा. तो दबक्या पावलांनी आला, वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "झोपलीस का गं?" एवढ्या प्रेमाने विचारलेल्या प्रश्नावर चिडणार कसं? ती उठली आणि कणीक मळायला घेतली. पुढचे काही दिवस तिने प्रयत्न केला, मग सोडून दिला. मला म्हणाली, "तीच माझ्यावर लक्ष ठेवून असल्यासारखी वाटतात गं ती दहा मिनिटं. नको ते."

नंतर आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग एका सकाळी फोन उचलला आणि तोंडातून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. "पुढच्या तपासणीपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही," ते म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. गाठी बसल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर आवाज कसा येईल, त्याची खात्री मी देणार नाही." आवाजावर तिची नोकरी होती. दादाचा चेहरा उतरला. तरी त्याने विनोद केलाच, "डॉक्टर, हे औषध कायमचं लिहून द्या की!"

मी वहिनीकडे बघत होते. ती घाबरली असेल असं मला वाटलं होतं. पण जिना उतरताना ती हसत होती. गालातल्या गालात, शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरीसारखी. मला एकदम कळलं. स्वतःसाठी मागून न मिळालेली गोष्ट तिला डॉक्टरांनी सक्तीने दिली होती, आणि त्यावर कोणाला काही म्हणता येणार नव्हतं.

डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या होत्या. वहिनी मिठाची गुळणी धरूनच बसली. ऑफिसची आजारपणाची रजा होती. भाचीने लहानपणची पाटी शोधून दिली, काही सांगायचं तर लिहायला. पहिले दोन-तीन दिवस घर अगदी आंधळ्यासारखं चाचपडलं. दादा हाक मारायचा आणि उत्तर आलं नाही की गोंधळून स्वतःच उठून यायचा. दुपारी सगळं आवरलं की वहिनी मागच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायची. गॅलरी म्हणजे काय, कपडे वाळत घालायची दोरी, रिकाम्या बादल्या आणि समोर दुसऱ्या इमारतीची रंग उडालेली भिंत. त्या भिंतीकडे ती असं बघायची की मला वाटलं, हिला तिथे समुद्रबिमुद्र दिसतोय की काय. चेहऱ्यावरची शीर सैल झाली होती. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

पण सुख बोचायला लागतं म्हणतात ना, तसं आमच्या घराला तिचं सुख बोचलं. सुरुवात आईने केली. आधी तिची तक्रार होती, "ती माझ्याशी बोलत नाही." मग तिच्या लक्षात आलं की यात आपला फायदाच आहे. एरवी वहिनी काही बोलली की आईला "काय?" म्हणावं लागायचं. आता तो प्रश्नच मिटला. आईने गॅलरीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकली आणि लग्नापासूनचे सगळे अपमान सांगायला काढले. दुसऱ्या दिवशी पुढचे.

मग दादा. ऑफिसातून आल्यावर ज्याच्या तोंडून धड चार शब्द निघत नसत, तो चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसू लागला. त्याच्या हाताखालचा पोरगा त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसला होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वहिनीला आता रोजचं माहीत झालं, कोणी काय टोमणा मारला इथपर्यंत. भाचीने कॉलेज बदलायचंय म्हणून रडून घेतलं. खालच्या काकूही आल्या, "बघायला" म्हणून, आणि सुनेचं सगळं सांगून गेल्या. जो तो जाताना तेच म्हणायचा, "तुझ्याशी बोललं की किती हलकं वाटतं!" वहिनी मान हलवायची. तेवढंच तिला करता येत होतं. तक्रार केंद्रात निदान फोन ठेवता येतो.

एका संध्याकाळी तिने पाटीवर लिहिलं, "मला थोडं एकटं बसू दे." दादाने वाचलं. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "बस ना," तो म्हणाला, "कोण काय म्हणतंय? मी आहे तुझ्यासोबत." आणि स्टूल ओढून तो तिच्या शेजारी बसला.

माझं डोकं फिरलं. मी वहिनीला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सगळ्यांच्या नावाने खडे फोडले. आई अशी, दादा तसा, तू जरा खमकी हो, पाटी डोक्यात घाल एकेकाच्या. तासभर बोलले मी. बोलून झाल्यावर मला अगदी मोकळं वाटलं. वहिनीने मान हलवली, माझा हात थोपटला आणि घड्याळाकडे बघितलं. स्वयंपाकाची वेळ झाली होती.

त्यानंतर कडीचा प्रकार झाला. गॅलरीच्या दाराला कडी आतल्या बाजूने आहे, बाहेरून दार लावायची सोय नाही. त्या दुपारी वहिनी कपडे काढायला गॅलरीत गेली, आईला वाटलं वारा येतोय, तिने दार ओढून कडी घातली आणि जाऊन झोपली. वहिनी बाहेर अडकली. ओरडायची बंदी. दार वाजवून आईला ऐकू आलं नसतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी मागच्या गल्लीने येत होते, सहज वर बघितलं, तर वाळत घातलेल्या चादरीच्या आड वहिनी बसलेली. पाय कठड्यावर टाकलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. केस वाऱ्याने विस्कटलेले. आतून दादाच्या हाका गल्लीत ऐकू येत होत्या, "अगं, कुठे आहेस? ऐकलंस का?" म्हणजे तो घरी आला होता, तिला शोधत होता, आणि ती दोन हातांवर दाराआड बसून ऐकत होती. दार वाजवत नव्हती. तिने मला बघितलं. ओठांवर बोट ठेवलं.

मी मान खाली घातली आणि तशीच पुढे गेले. कोपऱ्यावर गरज नसताना टोमॅटो घेतले. एकेक दाबून घेतला. भाजीवाला वैतागला, मी म्हटलं, "असू दे, मला घाई नाही." तिथून लांबच्या रस्त्याने वळसा घालून आले.

पोचले तोवर बोंबाबोंब झाली होती. दादाने दार उघडलं होतं. आई कपाळावर हात मारून घेत होती, भाची रडत होती. "दार का नाही वाजवलंस?" दादा पुन्हा पुन्हा विचारत होता. "अगं, काय झालं असतं म्हणजे? चक्कर आली असती म्हणजे?" तो खरोखर घाबरला होता. भाचीने पाटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. वहिनीने खडू हातात धरला, सगळ्यांचे चेहरे बघितले, आणि खडू तसाच पाटीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने पेचकस घेऊन ती कडी काढून टाकली. तेवढ्यावर थांबला नाही. मागच्या खोलीची काढली. न्हाणीघराचीही काढणार होता, ती मी काढू दिली नाही. "असा घोळ परत नको," तो म्हणाला, "आजारी माणसाला एकटं सोडायचंच नाही." मग आईची खुर्ची कायमची गॅलरीत गेली. आई नसेल तेव्हा भाची, भाची नसेल तेव्हा काकू. इतकी काळजी, इतकं प्रेम, की श्वास घ्यायला जागा नाही. वहिनी आता भिंतीकडे बघेनाशी झाली. मी गेले की ती बटाटे सोलत असायची आणि शेजारी कोणीतरी बोलत असायचं. चेहऱ्यावरची शीर पुन्हा ताठली होती. मी दादाशी भांडले. "तुला नाही कळायचं," तो म्हणाला, "तू एकटी राहतेस."

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय, कसं वाटतंय?" वहिनीने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "आता बरी आहे ती. झोप नीट लागते, जेवते." इतक्या दिवसांत त्याला सवयच झाली होती.

डॉक्टरांनी नळी घातली, पडद्यावर बघितलं, मान डोलावली. गाठी बसल्या होत्या. ऑपरेशनची गरज नव्हती. दादाने माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मी कळवळले. "आता बोला," डॉक्टर वहिनीला म्हणाले. "काहीही. एक वाक्य. घाबरू नका."

वहिनी ताठ बसली. एकदा दादाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मला घरी जायचं नाहीये," ती म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. कुठे खरखर नाही, फाटलेपण नाही. डॉक्टरांनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं.

"छान. पुन्हा एकदा म्हणा, जरा मोठ्याने."

"मला घरी जायचं नाहीये."

बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं असेल. "उत्तम!" डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला उठले. "उद्यापासून कामावर जायला हरकत नाही." दादाने त्यांचे पुन्हा पुन्हा आभार मानले, वहिनीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आम्ही बाहेर आलो.

जिन्याच्या तोंडाशी मी त्याचा दंड धरला. "दादा, थांब. ती काय म्हणाली, ऐकलंस का?"

"ऐकलं की!" तो म्हणाला. आनंदाने त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "अगदी पहिल्यासारखा आवाज आलाय!"

वहिनी तोवर जिना उतरायला लागली होती.