बाहेर बसायचे चार दिवस

दीनाबाईंना घाबरवील असा माणूस जामखेडच्या मुलखात जन्मायचा होता. मिशनच्या शाळेतल्या शांतवन मास्तरांची ही ख्रिस्ती बायको नगरला दवाखान्यात बाळंतपणाचं शिकून आली आणि गावोगाव हिंडू लागली. दिवस लढाईचे. रॉकेल मिळेना, गाडीबैल वेळेवर मिळेल तर शपथ. बाई चालत. पंचेचाळिशी उलटली तरी चालतच होत्या.

बाळंतपणाला बोलावणारे पुष्कळ. पण दीनाबाई त्याहून अवघड जागी हात घालायच्या. पाळी जायच्या वयातल्या बायकांना जवळ बसवून विचारायच्या, झोप लागते का, अंगातून वाफा निघतात का, उगाच रडू येतं का. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. 'ह्ये काय दुखनं हाय व्हय?' आणि घरी जाऊन कुढत बसायच्या, की अडलेलं रगत डोक्यात चढतं अन् बाई भ्रमिष्ट होते. आता काय म्हणावं या अकलेला? बैल लंगडला तर चार गावं पालथी घालतील, पण बाईच्या दुखण्याचं नाव काढायचं नाही.

एका सकाळी केशरबाईंनी बोलावणं धाडलं. दीनाबाई गेल्या, तर म्हातारी त्यांना थेट गोठ्यात घेऊन गेली. तिथं तिची थोरली सून झुंबरबाई गुडघ्यात मान घालून बसलेली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, वय चाळिशीच्या पुढं.

'चार महिनं झालं, कावळा शिवला न्हाई हिला,' केशरबाई हळू आवाजात म्हणाल्या. 'बाहेर बसली न्हाई. समद्या आळीनं बघितलंय. माझा धाकला ल्योक कारभारी आज भावकी गोळा करनार हाय. हिला घरातनं काडायचं म्हंतो. तपासा बाई, आन् काय आसंल तर मोकळी करा.'

झुंबरबाईला माहेर उरलं नव्हतं. घरातून काढली तर तिला विहिरीशिवाय वाट नव्हती, हे तिघींनाही ठाऊक होतं.

दीनाबाईंनी नीट तपासलं. विचारलं, तेव्हा झुंबरबाई रडत सांगू लागली, अंगाची लाही होते, छाती धडधडते, भाकरी थापताना घामाच्या धारा लागतात.

'पोटात काही नाही,' दीनाबाई म्हणाल्या. 'पाळी जायचं वय झालंय. तुझं डोकं फिरणार नाही, की काही नाही.'

केशरबाईंनी हात जोडले. मग त्यांचं तोंड पुन्हा उतरलं. 'पन कोन मानंल? पोट दिसलं न्हाई तर म्हंतील, दीनाबाईनं औषीद दिलं. आन् येवढ्यात कुनाची जाती? आमच्या गावात समद्या पन्नाशीपत्तुर बसत्यात.'

हेच उत्तर दीनाबाईंनी गावोगाव ऐकलं होतं, आणि ते त्यांना कधीच पटलं नव्हतं. 'केशरबाई, तुमची खरी कधी गेली?'

म्हातारीनं गोठ्याच्या दाराकडं बघितलं. मग ती पुटपुटली, 'हिच्याच वयात. पन मी बसतच ऱ्हायली. चांगली पाच-सा वर्सं.'

'का?'

'का म्हंजी? त्येवढं चार दिस जातं सुटायचं, चूल सुटायची. कोन सोडंल?'

झुंबरबाईनं मान वर केली. दीनाबाईंना हसू फुटलं आणि डोळेही भरले. म्हणजे गावातली एकूणएक बाई विसाव्यासाठी अशीच खोटं बसत असणार, म्हणून पाळी खरी कधी जाते ते गावाला कळलंच नाही. आणि ही एकटी साधीभोळी, खरं वागली म्हणून बदनाम झाली.

'हे आता तुम्हालाच सांगावं लागेल,' दीनाबाई म्हणाल्या. 'माझ्या शब्दानं भागायचं नाही.'

पोराला असलं सांगायचं? त्यापेक्षा मरण बरं. पण मग केशरबाईंनी पदर खोचला आणि त्या भरल्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. भावकी जमली होती, बायका दाराआड होत्या.

'कारभारी, सून माझी चोख हाय. तिचं वय झालं. माझंबी तवाच झाल्तं, पन मी कामचुकारपनानं खोटं बसले. लबाड मी हाय, ती न्हाई. काडायचं तर मला काड.'

कारभारीची मान खाली गेली. दाराआडून कुणीतरी फिसकन हसलं. 'मी तीन वर्सं बसले,' एक म्हणाली. 'मी बी,' दुसरी म्हणाली. मग आवाजावर आवाज निघाले. भावकीतले पुरुष पागोटी सावरत उठले, एकेक करून बाहेर पडले. थांबायची छाती कुणाची होती?

दुपारपर्यंत अंगण बायकांनी भरलं. दीनाबाई बोलत होत्या. तीळ खा, दूध सगळंच विकू नका, घोटभर पोटात जाऊ द्या. चिडचिड झाली म्हणजे भूत लागलं असं नाही. वर्षभर बंद राहून पुन्हा अंगावरून गेलं तर मात्र लपवायचं नाही, मला बोलवायचं. आज कुणी पदर तोंडाला लावला नाही. अशी ही बाई. तिनं भावकीशी भांडण केलं नाही, म्हातारीच्या तोंडून खरं बोलवून घेतलं.

केशरबाई मघापासून दीनाबाईंच्या तोंडाकडं बघत होत्या. सावलीत उभ्या होत्या, तरी त्यांच्या कपाळावर घाम साचला होता.

'बाई, तुमच्या लोकांत बाहेर बसत्यात का?'

'नाही.'

'मंग तुमी बसता कवा?'

दीनाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. केशरबाईंनी घरातून घोंगडं आणलं, झटकून अंथरलं.

दीनाबाई बसल्या. पाय लांब करून बसल्या, आणि त्या दिवशी मग कुणाला काही शिकवलं नाही.