पुठ्ठ्याच्या बंगल्याचे मालक

आमच्या रंगारी संघटनेत त्याला सगळे दोनहाते म्हणतात. रंगाच्या एकाच हातात भिंत उरकून दोन हातांचे पैसे घेणारे गल्लोगल्ली सापडतील. हा गडी कपाटामागच्या भिंतीलाही दुसरा हात दिल्याशिवाय शिडी उचलत नाही. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली आणि राहिला भाड्याच्या खोलीत. तिथेही रंग घरमालकच ठरवतो, दर वेळी तोच मळखाऊ पिवळा. यावर मी भाषणं पुष्कळ ठोकली आहेत, इथे आवरतो.

एका कामावर मालकिणीने माळ्यावरची अडगळ काढली. त्यात एक चपटा खोका होता. आत जाड पुठ्ठ्याचे सहा ताव, त्यांवर छापलेल्या विटा, खिडक्या, कौलं. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं, की वीतभर उंचीचा दुमजली बंगला तयार. खोका दोनहात्याच्या जन्माआधीचा, बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. मालकीण म्हणाली, फेकून द्या. याने तो छातीशी धरून घरी आणला आणि बायकोला सांगितलं, "आपलं घर आलं. याचा रंग मी ठरवणार."

त्यापायी हा संघटनेच्या दोन बैठका चुकला. मी तणतणत त्याच्या खोलीवर गेलो. वहिनी शिलाई मशीनवर होत्या आणि हा जमिनीवर पालथा पडून, जिभेचं टोक बाहेर काढून पुठ्ठ्यावर ब्लेडची पाती चालवत होता. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "हळू, भाऊ. गॅलरी सुकतेय." भल्याभल्या ठेकेदारांना घाम फोडणारा मी, चपला हातात धरून दारात उभा राहिलो.

बंगला उभा राहिला. छापील विटा त्याला मंजूर नव्हत्या. तोही शेवटी दुसऱ्यानेच ठरवलेला रंग. त्याने गर्द हिरवा कालवून ठेवला होता, आजवर एकाही मालकाने पास न केलेला. इथे चाळीस वर्षांच्या सवयीने घात केला. चुना मारण्याआधी भिंत भिजवून घ्यायची, हे रंगाऱ्याच्या हाताला झोपेतही ठाऊक असतं. त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि चारही भिंती मनसोक्त भिजवल्या. मीही जुना रंगारी. म्हणालो, "तो कोपरा राहिला." त्याने कोपराही भिजवला.

पाच मिनिटांत बंगल्याचं पोट सुटलं. गॅलरीने मान टाकली, दार वाकडं झालं. दोनहाते भिंतींना हात लावायलाही धजेना. "असा दुसरा मिळणार नाही," एवढंच म्हणाला.

वहिनी मशीनवरून उठल्या. आम्हा दोघा शहाण्यांना त्यांनी कोपऱ्यात बसवलं. भिंती अलगद सोडवल्या, दोन फडक्यांमध्ये घालून कोमट इस्त्री फिरवली आणि शर्टाच्या कॉलरला लावतात ते बकरम प्रत्येक भिंतीला मागून चिकटवलं. संध्याकाळी बंगला पहिल्यापेक्षा ताठ उभा होता.

मग त्या म्हणाल्या, "आता अर्धं घर माझं."

त्याने रंगाच्या कराराची आठवण करून दिली. वहिनींनी सांगितलं की तो करार त्याने एकट्यानेच केला होता, आणि पडलं तेव्हा उभं कोणी केलं तेही आठवावं. दोनहात्याने माझ्याकडे पाहिलं. पण जो राबतो त्याचा हक्क, हे मी प्रत्येक सभेत ओरडून सांगितलेलं, गिळू कसं? म्हणालो, वहिनींचं बरोबर आहे. पुढे आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्या क्षणी मात्र गुमान वळला आणि विचारलं, "बरं, कुठला लावू?"

"जांभळा." विचारसुद्धा केला नाही त्यांनी, उत्तर तयारच होतं.

"अगं, घराला कोणी जांभळा लावतं का?"

"मालक कोण? मी ना? मग लावा."

हे वाक्य त्याने जन्मभर शेकडो दारांत ऐकलं होतं. त्याने मुकाट्याने जांभळा कालवला, या वेळी तेलरंगात, आणि दुसरा हातही दिला.

बंगला आता कपाटावर आहे, एका अंगाने हिरवा, दुसऱ्याने जांभळा. पुढची बाजू कुठली यावर समझोता झालेला नाही. सकाळी तो कामावर निघतो तेव्हा हिरवी बाजू खोलीकडे असते, संध्याकाळी परततो तेव्हा जांभळी. फक्त गॅलरीला धक्का लागू नये म्हणून दोघंही तो फिरवताना खालून, तळव्यावर उचलतात.