संडासाची संस्था

आमची संस्था संडासासाठी निघाली. होड्या लागल्यापासून मासळी विकून होईपर्यंत आम्ही बायका बंदरावर पोट आवळून बसायचो आणि बाप्ये कुठल्याही होडीआड जाऊन मोकळे व्हायचे. अलिबागच्या कचेरीत जागा मागायला गेलो, तर म्हणाले, सुट्या बायकांना जागा देता येत नाही, नोंदणी केलेली संस्था लागते.

मग संस्था काढली. अध्यक्ष कोण, यावरून वरची आळी आणि खालची आळी भांडली. शेवटी एका म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला करा गो. ही तोंडच उघडत न्हाय, भांडंल कशाला?" चौथी शिकलेली, चार माणसांत मान वर न करणारी मी अशी अध्यक्ष झाले. माझ्या जावेचं तोंड बंद होत नाही, म्हणून तिला सचिव करून लिहायला बसवलं.

जागा बघायला साहेब येणार होते. जावेने पत्रात वेळ कळवली : तेरसेला, पाणी ओसरल्यावर. आमच्या सभा पाण्यावरच ठरतात. भरतीला होड्या येतात, तेव्हा कोणाला मरायलाही सवड नसते. तेरसेचं पाणी दुपारनंतर ओसरतं, हे साहेबांना कोण सांगणार? त्यांनी कॅलेंडरात तेरस शोधली आणि कचेरीच्या हिशेबाने सकाळी अकराला, ऐन भरतीत, हजर झाले.

सगळ्या बायका लिलावाकडे धावल्या. जाऊ पळता पळता ओरडली, "अध्यक्षबाई, बोला साहेबांशी!"

पाठ केलेलं भाषण पार पुसलं गेलं. मला बोलता येत नाही तेव्हा मी खायला-प्यायला देते. साहेबांपुढे कोकम सरबताचा पेला धरला.

"हां, बोला," ते म्हणाले. मी पेला पुन्हा भरला.

"किती बायका बसतात इथं?" मी लिलावाकडे बोट दाखवलं आणि आणखी भरला. माणूस सभ्य. नाही म्हणेना.

थोड्या वेळाने साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले. होड्यांकडे बघितलं, तर प्रत्येक होडीआड मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका.

"बाई, इथं जवळपास... सोय कुठं आहे?"

"तीच मागतोय, साहेब."

तेवढंच बोलले मी त्या दिवशी. साहेब गाडीत बसले आणि गाडी अशी सुटली की कुत्री बाजूला झाली. जागेचं पत्रही तसंच वेगात आलं. सभेच्या वहीत जावेने लिहिलं, 'अध्यक्षांनी अडचण सविस्तर समजावून सांगितली.' मी सही केली.

आता संडास उभा आहे. चावी कोणत्या आळीत ठेवायची यावर पुन्हा भांडण झालं, म्हणून ती माझ्या कमरेला असते. हल्ली बाप्येही येतात. "वहिनी, जरा चावी द्या की."

मी होडीकडे बोट दाखवते.