पडद्यावरचे गोंदलेले हात

“उभ्या राहा ताई. जरा वळा. मागच्यांना दिसू दे.”

मॅडम माईकवरून म्हणाल्या. नाशिकमधल्या एका मोठ्या हॉटेलचा हॉल. समोर डॉक्टर, प्राध्यापक, संस्थांची माणसं. मी उभी राहिले.

“या समाजातूनच आल्यात. आधी कशा होत्या आणि आता किती सुधारल्यात, बघा.”

टाळ्या पडल्या. आणि मी वळले. बाजारात बैल फिरवून दाखवतात, तशी वळले. मॅडमचा राग नंतर आला. आधी माझाच आला. वळले कशाला मी?

मी सिन्नरची. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं, मी बाई निघाले. एमआयडीसीत पॅकिंगला होते. ओढणी घेऊन कामावर गेले, त्याच आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, “उद्यापासून नको येऊ.” मग चार महिने मी घराबाहेर पडले नाही. अंघोळसुद्धा नको वाटायची.

त्यातून मला काढलं ते देवळाली कॅम्पातल्या खोलीने. आमच्यातल्या एकाचं टेलरिंगचं दुकान, त्याच्या वरची खोली. कुणी माझ्यासारखं, कुणाचं प्रेम घरी सांगता न येणारं, असे आम्ही पाच-सहाजण तिथे जमायचो. एकदा या संशोधनवाल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, “तुमच्या समाजाच्या मानसिक आरोग्यावर अभ्यास करायचाय. पण तुमच्यावर नाही, तुमच्यासोबत.” हे असं आजवर कुणी बोललंच नव्हतं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी.

आपल्या माणसांना गाठून त्यांचं बोलणं लिहून घ्यायचं काम मात्र जीव ओतून केलं. छापील फॉर्मात प्रश्न होता, ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस निराश वाटले का?’ पोरं म्हणायची, “नाय, मजेत हाय.” आम्ही तो प्रश्नच खोडला. विचारलं, घरी जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो का? मग माणसं तास-तासभर बोलायची.

नियमही आमचाच. लिहिलेलं आधी सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. तो म्हणेल ते खोडायचं. तोवर बाहेर कुणाला दाखवायचं नाही. मॅडमनी मान डोलावली होती.

सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची एक पोरगी सिन्नरच्या कारखान्यात कामाला होती. तिचं एका मुलीवर प्रेम. दोघी एका खोलीत राहायच्या, गावाला मैत्रिणी म्हणून माहीत. घरी कळलं तर काय होईल, हे सांगताना तिचे दात वाजत होते. एकदा जीव द्यायला निघाली होती, तेही तिने सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं. मॅडमना संमतीच्या फॉर्मवर सही केल्याचा फोटो हवा होता, नोंदीसाठी.

“ताई, तोंड नको काढू.”

“फक्त हात काढते गं,” मी म्हणाले.

फॉर्म धरलेले दोन हात. मनगटापासून वर गोंदलेले, लहानपणी यात्रेत गोंदवलेले. मला ती नुसती नक्षी वाटली. मी सिन्नरची, मला काय कळतंय?

त्या दिवशी हॉलमध्ये मला वळवून झाल्यावर पडद्यावर तेच हात आले. भिंतभर. बाजूला तिचं बोलणं, तिला अजून वाचून न दाखवलेलं.

सुरगाण्याकडच्या एका शाळेतले सर पुढे वाकले. माणूस वाईट नव्हता, कौतुकानेच बोलला.

“हे तर आमच्याकडचं गोंदण. असं दोन-तीन पाड्यांतच असतं. कुठली हो ही पोरगी?”

मॅडम म्हणाल्या, “एक मिनिट, बघून सांगते.” आणि फाईल उघडली.

खरंच उघडली.

“मॅडम, सांगायचं नाय.”

“ताई, खाली बसा. प्रश्न शेवटी.”

“सांगायचं नाय म्हणते ना मी!”

“तुम्हाला रिसर्चमधलं कळत नाही. बसा.”

मी बसले नाही. स्टेजवर गेले. लॅपटॉपचं झाकण पाडलं. पडदा निळा झाला. फाईल त्यांच्या हातातून ओढून घेतली. आतलं पान न् पान माझ्या अक्षरातलं.

“हे आमचं बोलणं हाय. आधी ज्याचं त्याला वाचून दाखवणार. मग बघू.”

“एवढं केलं तुमच्यासाठी,” मॅडम म्हणाल्या. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. फाईल छातीशी धरून मी हॉटेलच्या पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीला सिन्नरच्या स्टँडवर बोलावलं. सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा.

“हात दिसले काय?” तिने विचारलं.

“दिसले. फोटो मीच काढलेला.”

भर उन्हात तिने शर्टाच्या बाह्या पार बोटांपर्यंत ओढून घेतल्या. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तू वाचून दाखवणार होतीस ना?”

स्टँडच्या मागे एका कट्ट्यावर बसून मी तिला तिचं पान हळू आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तालुक्याचं नाव खोड. बाकी राहू दे. खरं हाय ते.” मी खोडलं. ओळ खोडता येते. लोकांनी पाहिलेले हात कसे खोडणार?

त्या सरांनी गावी कुणाला काय सांगितलं, अजून कळलेलं नाही. तिचा फोन आला की माझा जीव खाली-वर होतो. होऊ दे. मी त्याच लायकीची आहे.

मॅडमचे निरोप येतात, फाईल परत करा. करणार नाही. एकेकाला गाठून त्याचं पान वाचून दाखवते आहे. अहवाल त्या टेलरच्या दुकानावरच्या खोलीतच लिहिला जाईल, आमच्या शब्दांत. फोटो एकही नसेल. कुणी छापो न छापो, तो सांगायला मीच उभी राहणार आहे. समोर तोंड करून. वळणार नाही. मागच्यांना बघायचं असेल, तर त्यांनी उठून पुढे यावं.