पैकीच्या पैकी मिळवून खाली

"आजाऱ्यांची शी-शूची भांडी उचलायला शिकवतात त्या क्लासात. त्यासाठी केमिस्ट्री सोडली पोरीने!"

मुलाचा इंजिनिअर मित्र बोलला आणि हसला. हातात माझ्या बायकोच्या नावाने केलेल्या जेवणाची प्लेट. ती जाऊन महिना झाला, म्हणून अमेरिकेत, पार्सिपनीच्या घरी मुलाने चार लोक बोलावले होते. फोटोतून ती बघत होती. माझी नात सई, अकरावीतली, दाराशी उभी. तिने ऐकलं.

मी सातवी शिकलेला. विचारलं, "सईला त्या क्लासात ए मिळाला ना? सगळ्यात वरचा?"

"मिळाला ना, काका. पण त्या ए चे चार धरतात. माझ्या मुलाच्या एपी केमिस्ट्रीच्या ए चे पाच. कॉलेज लेव्हलचा हार्ड सब्जेक्ट ना तो. म्हणून सई रँकमध्ये खाली गेली. कॉलेजवाले ते बघतात. आजीला किती सांभाळलं ते कोण बघतंय, यार!"

म्हणजे पैकीच्या पैकी मिळवायचे आणि खाली जायचं.

बायको आठ महिने अंथरुणाला होती. कूस कशी बदलायची, खालची चादर कशी काढायची, मला येत होतं. पण हात थरथरतात आता. मी सांगायचो, सई करायची. मग शाळेत नर्सिंगचा क्लास दिसला, तो तिने घेतला. शेवटपर्यंत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. एक नाही. त्याचे चार.

"काका, तुम्ही हॉस्पिटलच्या ॲडमिनमध्ये होता ना? तुम्हीच समजवा तिला. सोमवारी पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म द्यायचाय. नर्सिंग ड्रॉप करायला सांगा."

मी मुलाकडे बघितलं. तो प्लेटीत बघत होता. तेव्हा कळलं, माझ्याबद्दल यानेच तसं सांगून ठेवलंय.

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात होतो मी. डॉक्टर नावाने हाक मारत नसत. "ए, भांडं आण." मान खाली घालून आणायचो. घरी पोर शिकत होतं ना. तिथं गप्प बसलो. पण ते परके होते, हा माझा पोटचा.

मी उठलो.

"ॲडमिन नाही. वॉर्डबॉय. एकतीस वर्षं भांडी उचलली. सगळ्यांची. इंजिनिअरांची पण."

सून पोळ्या बघायला आत गेली.

मुलाने मला किचनमध्ये गाठलं. "बाबा, आज तरी नको होतं हे."

"आजच हवं होतं. फोटोतलीला ठाऊक होतं मी कोण ते. तिला कधी लाज नाही वाटली."

फ्रिजवर फॉर्म होता. नर्सिंगवर काट मारलेली, मुलाच्या हातची. मागून सई आली. तिने काटेच्या खाली पुन्हा तेच लिहिलं.

"डॅड चिडणार, आबा."

"चिडू दे."

सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत जाणार. मला इंग्रजी येत नाही. ती बोलेल, मी शेजारी उभा राहीन. फॉर्मवर मुलाची सही लागते, त्याने केली नाही तर मंगळवारी पुन्हा जाऊ. आणि यापुढे या घरात कुणीही आलं, तर आधी माझं काम सांगणार. नाव नंतर.